दादाची तपासणी

दादा,

बाबांच्या आतड्यातली गाठ जवळजवळ विरली. "पेरलं ते उगवलं, भोगू दे म्हाताऱ्याला," असं फोनवर म्हणून तू आलाच नाहीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराची प्रतिकारशक्ती गाठीभोवती आधीच जमून होती, इंजेक्शनांनी फक्त तिचा लगाम सोडला.

पण बाबांच्या तपासणीत अशा कॅन्सरच्या गाठी होऊ देणारा, वडिलांकडून मुलांकडे जाणारा दोष सापडलाय. माझी तपासणी झाली, मी सुटलो. तुझी राहिली आहे. वेळेत कळलं तर पुढचं टाळता येतं.

हे सगळं चौथ्यांदा स्वच्छ अक्षरात लिहून मी कपाटात ठेवतोय. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, "भावाला कळवलंत ना?"

मी "हो" म्हणतो.

तुझाच,
पाठचा भाऊ