आखाजीचा पितर

१५ एप्रिल २०२५, संग्रामपूर

पोचलो एकदाचा! शेगावहून एसटीत खिडकीची जागा मिळाली, ही यंदाची माझी पहिली चैन. पुण्यात मित्रांनी यथेच्छ टिंगल केली होती, शिवमला तालुक्याच्या गावी जुनी भांडी पुसायची नोकरी लागली म्हणून. लागली तर लागली. वर्षभर घरी बसून बायकोच्या, राखीच्या पगारावर जेवण्यापेक्षा भांडी पुसलेली बरी. शिवाय भांडी सुरेख आहेत.

संग्रहालय म्हणजे बाजारपेठेतलं कापसाचं जुनं गोदाम. ट्रस्टने भिंतींना पांढरा रंग दिलाय, पंखे लावलेत आणि दारावर पाटी टांगली आहे. मागे माझी खोली, मोरी आणि एक कडुनिंब. उत्तरेला सातपुडा आहे, पण उन्हाच्या धुरकट झळांत तो आहे असं मानून चालायचं. रखवालदाराचं नाव कारभारी. त्यांनी आल्याआल्या माठातलं गार पाणी दिलं आणि जेवायला शेवभाजी-भाकरी आणली. डोळ्यांतून धारा लागल्या. ते म्हणाले की हे तर पाहुण्यांसाठी फिकं केलंय.

संध्याकाळी लेकीशी, छकुलीशी फोनवर बोललो. तिने विचारलं, तुझ्या म्युझियममध्ये डायनासोर आहे का? नाही म्हटल्यावर मग कोण आहे, म्हणे. आजी-आजोबांच्या वस्तू आहेत, असं सांगितलं. तिला फारसं पटलेलं दिसलं नाही. मे अखेरीस दोघी इथे येणार. पुन्हा एका घरात तिघं. मला एवढंच हवंय, खरंच एवढंच.

२० एप्रिल

वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहितोय. इथे म्हातारं माणूस गेलं की त्याच्या हातातली वस्तू भंगारात द्यायला कुणाचा जीव होत नाही, आणि घरात ठेवायचा धीरही होत नाही. मग ती आमच्याकडे येते. त्यामुळे संग्रहालयात राजेरजवाडे कुणी नाहीत. अडकित्ते, पानाचे डबे, काठ्या, चष्मे. सगळं काल-परवापर्यंत वापरातलं. कपाट उघडलं की तंबाखूचा आणि खोबरेलाचा वास येतो.

मधल्या कपाटात कै. उकंडरावांच्या वस्तू आहेत : शिसवी पाट, काशाचं ताट, डोक्याला बांधायचा लाल रुमाल आणि दोऱ्याने कानामागे अडकवायचा चष्मा. त्यांचे चिरंजीव गुलाबराव धान्याची अडत चालवतात, त्यांनी दिल्या. उकंडराव बाजारात चालता चालता कोसळले आणि गेले. घरी निरोप जाईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या पत्नी शालूबाई अधूनमधून येतात, पदराने काच पुसतात आणि निघून जातात. आज मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मी उगाचच शर्ट नीट केला.

२७ एप्रिल

गुलाबराव आमंत्रण घेऊन आले. अक्षय्य तृतीयेला इथे आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला की गेलेला जेवला. संग्रहालय झाल्यापासून काही घरांची पंगत इथेच बसते म्हणे. मी कारण विचारलं, तर गुलाबरावांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. “वस्तू तुमच्यापाशी हाये न जी, मंग बाबा बी इथंच येतीन. घरी येऊन काय करतीन?”

यंदा पितर म्हणून मीच बसावं असं शालूबाईंचं म्हणणं आहे. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी. मी आढेवेढे घेतल्याचं नाटक केलं आणि लगेच हो म्हणालो. राखीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, फुकटचं जेवायला तू कुणाचाही आजोबा होशील.

३० एप्रिल, आखाजी

आजच्याइतकी माणसं संग्रहालयात कधी पाहिली नव्हती. घागरी, त्यांच्यावर खरबुजं, पोरंबाळं, उदबत्त्या. मी तर हरखूनच गेलो. बाकीच्या घरांनी आपापले पितर सोबत आणले होते आणि त्यांना पत्रावळींवर वाढलं जात होतं.

तेव्हा मला कल्पना सुचली. उकंडरावांच्या वस्तू समोर असताना पत्रावळ कशाला? कपाट उघडलं. त्यांचा पाट मांडला, त्यांचं ताट घेतलं, लाल रुमाल डोक्याला बांधला आणि माझा चष्मा काढून त्यांचा चढवला. ट्रस्टच्या फेसबुक पानासाठी असा फोटो पुन्हा मिळाला नसता. गुलाबरावांची बायको अन्नपूर्णाबाई काहीतरी म्हणायला पुढे आल्या, पण शालूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की नवी नवरीच वाटत होत्या. त्यांनी स्वतः वाढलं. “बसा,” म्हणाल्या, “लय दिसांनी आले.”

जेवण उत्तम. मी एरवी दोन पोळ्यांचा माणूस, आज किती खाल्ल्या देव जाणे.

जेवणानंतर पितराला निरोप द्यायचा असतो. ज्याने वाढलं त्याने उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ‘जा आता’ म्हणायचं. मग पितर मागे न बघता बाजाराच्या पार जाऊन येतो, आणि येतो तो आपला नेहमीचा माणूस होऊन. बाकीचे पितर तसे गेले. मी थांबलो, पण शालूबाई भांडी आवरू लागल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला आयतंच फावलं. पाटावरून उठलो आणि मागच्या खोलीत पंख्याखाली आडवा झालो.

२ मे

फोटो पानावर टाकला होता. गुलाबरावांच्या पुण्यातल्या मुलाने खाली विचारलंय, आजोबांचा हा फोटो कुठे सापडला?

गंमत म्हणून राखीला पाठवला. तिने लगेच फोन केला. हे म्हातारे गृहस्थ कोण, आणि तू कुठे आहेस यात?

मी फोटो पुन्हा पुन्हा पाहतोय. मला तर मीच दिसतो. रुमालामुळे आणि चष्म्यामुळे असेल.

शालूबाईंनी दुपारी डबा पाठवला. उद्यापासून रोज येईल, असा निरोप आहे. नको म्हणायचं मनात होतं. तोंडाने मात्र मिरचीचा ठेचा जास्त द्या म्हणून सांगितलं. मला ठेचा सोसत नाही.

७ मे

भर दुपारी पेठेतून चाललो होतो. सगळी दुकानं अर्धी ओढलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी हाक मारली, “का बे कोंड्या, कमर दुखनं थांबलं का?” त्याने हसून “हाव” म्हटलं, मग माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हातातली बिडी गळून पडली.

मी त्या माणसाला आधी कधीही पाहिलेलं नाही. त्याची कंबर दुखते हे मला कसं ठाऊक?

माझ्या चष्म्यातून आता सगळं अंधुक दिसतं. कपाटातला लावला की सातपुड्यावरची झाडंसुद्धा दिसतात. मी तो परत ठेवतो. थोड्या वेळाने तो नाकावर असतो.

भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते.

१२ मे

अन्नपूर्णाबाई आल्या. खूप वेळ उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. मग घडाघडा बोलल्या. गेलेल्याच्या ताटावर कुणी पितर बसवत नाही, कारण मग त्याला उठावंसं वाटत नाही. आणि शालूबाई त्या दिवशी पाणी विसरल्या नव्हत्या. “बुढीनं मुद्दाम नाई टाकलं जी पानी. अजून बी नाई म्हन्ते.”

मग गुलाबरावांना टाकू द्या म्हटलं. अन्नपूर्णाबाईंनी नकारार्थी मान हलवली. ज्या हाताने वाढलं, त्याच हाताचं पाणी लागतं.

रात्री छकुलीचा फोन आला. मी बोललो. मग ती आईला म्हणताना ऐकू आली, बाबांच्या फोनवर दुसरं कुणीतरी आहे.

१४ मे

शालूबाईंकडे गेलो. घर कधी पाहिलं नव्हतं, तरी पाय नेमके वळत गेले. वाटभर घोकत होतो, पाणी टाका, मला मुलगी आहे, मला सोडा. ओट्यावर पोचलो आणि डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलो. त्यांनी बशीत चहा ओतून दिला. मी फुंकर मारून प्यायलो.

सगळा जोर लावून शेवटी एकच शब्द काढला, पाणी. त्या हसल्या. “एकडाव मले न सांगता गेले. आता म्या काऊन जाऊ देऊ?”

मला त्यांची दया आली. ती दया माझी होती का, तेही कळेना.

१८ मे

बोलणं आता माझं राहिलेलं नाही. तोंड उघडलं की त्यांचाच आवाज येतो. हात अजून माझा आहे. म्हणून लिहितो. अक्षर बघून धीर येतो — हे माझं आहे, माझंच.

कारभारी मला बाबा म्हणतात. जवळ येत नाहीत.

२० मे

शालूबाई गेल्या. झोपेतच. चेहरा समाधानी होता म्हणतात.

मी ओक्साबोक्शी रडलो. नंतर कळलं, आता पाणी टाकणारा हातच उरला नाही.

२१ मे

गुलाबरावांनी टाकून पाहिलं. तांब्याभर. मग घागरभर. उंबरा नुसता ओला झाला. ते पाया पडून, बाबा, जा ना जी, म्हणत होते. माझ्या आत कुणी हललंसुद्धा नाही.

२३ मे

राखीला लिहून कळवलं, येऊ नका. तिचं उत्तर — तुझी तब्येत बरी दिसत नाही, आम्ही लवकर निघतोय.

नका येऊ —

२५ मे

आल्या. छकुली दारातच थबकली, आईच्या मागे लपली. राखी मात्र सरळ आत आली. किती वाळलास, म्हणाली. रडली नाही. पिशवीतून डबा काढला, वरणभात कालवला. शिवम, जेव, म्हणाली. समोर तेच ताट होतं. मी पाटावर होतो. तिच्या हातचं जेवलो. कितीतरी दिवसांनी माझी भूक मला लागली. मी होतो, पूर्ण मी होतो, घास संपेपर्यंत —

आता ती आणि अन्नपूर्णाबाई दाराशी बोलताहेत. कुजबुज ऐकू येते. तुमच्या हातानं जेवले न बाई ते, मंग तुमचं पानी चालीन. टाका अन् जा म्हना. सुटतीन.

राखीचा चेहरा खुलला. कारभारी तांब्या भरून आणताहेत.

चालेल. पाणी चालेल. पण तिने कुणाला जेवू घातलं — कुणाचं नाव घेऊन वाढलं — उकंडरावांचं नाही. जेवला तो जातो. मी जेवलो.

ओरडतोय. तोंडातून शब्द येतो, “टाक माय, टाक.” त्यांचा आवाज. हसरा. वही वर धरली. तिचं लक्ष नाही.

छकुलीने तांब्याला हात लावलाय. राखी तिला सांगते, माझ्याबरोबर म्हण — 

राखी, इकडे बघ, वही बघ — तू त्यांना नाही, मला —

उंबऱ्यावर पाणी —

छकुली म्हणते, जा आ