राहायला दोघं येणार

घोटावडे,
शिवरात्रीच्या दोन दिस आधी, सन १९६०

कोर्टाच्या गोष्टी उघड्या कार्डावर लिवतात व्हय गं? पोस्टमन ओढ्यापासनं वाचत आला. माज्या हाती कार्ड पडायच्या आधी तुज्या फारकतीच्या दाव्याची तारीख सगळ्या चावडीला पाठ. तितं सासवडच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतीस आन घरची अब्रू गावभर वाटतीस. ह्यापुढं पाकीट.

आता आशीर्वाद. चि. सगुणास आजीचे पोटभर आशीर्वाद. हितं सगळी बरी हायेत, तुजा चुलता कोंडिबा सोडून. तू सासर सोडलंस तवापासनं त्याचं तोंड वाकडं ते वाकडंच. म्हणतो, नवरा सोडलेली पुतणी माज्या घरात राहिली तर माज्या पोरी कोण करून घेईल. तुजा बाप जिता असता तर ह्याची असं बोलायची टाप नव्हती. असो. म्हणून तर तुला निराळं घर.

कुशाबाचं घर पाहिलं. तो लेकाकडं खडकीला चाललाय, कायमचा. तीन खण, वर कौलं. वाशांना नख लावून पाहिलं, वाळवी न्हाई. न्हाणीचं पाणी शेजारच्या अंगणात जातं, तवा भांडण तयारच हाय, तुला करमंल. जूनमधी तुजी हितं बदली झाली की शाळा चार पावलांवर.

पर कुशाबाची बायको साळूबाई अडून बसली. सोडून आलेल्या बाईला घर देणार न्हाई म्हणाली. मी म्हणलं, कोण म्हणतं सोडून आली? समेट झालाय, नवरा-बायको दोघं राहायला येणार हायेत. लगेच विसारपावती झाली. पौडाहून आलेल्या लिवणाऱ्यानं तसंच घातलं, सगुणा भ्रतार भिवाजी, राहणार माण, समेट होऊन दोघांना राहण्यासाठी म्हणून. तुज्या वतीनं मी सही केली. अंगठा न्हाई, सही. तू लिवायला शिकवलंस तशी. लिवणारा बघतच राहिला. एकदा घर नावावर झालं की साळूबाईनं खडकीत बसून खुशाल बोटं मोडावीत.

जिवाला जप, आन जेवणात हयगय करू नको.

तुजी आजी,
गोजराबाई


सासवड,
१ मार्च १९६०

ती. आजीस सगुणाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचलं, शाळेतून रजा काढली आणि तडक पुण्याला वकिलांकडे गेले. आजी, काय करून बसलीस! आपला दावा एवढ्यावरच उभा आहे की त्यांनी घरात दुसरी बाई आणली आणि मी तीन वर्षं वेगळी राहते आहे. आता समेट झाला, दोघे एकत्र राहणार, असं तारखेनिशी कागदावर आलं तर मी सगळं पोटात घातलं असाच अर्थ निघतो. दावा फेटाळला जाईल म्हणाले. ती पावती कुणाकुणाकडे आहे ते ताबडतोब कळव. काकांच्या हाती लागू देऊ नकोस.

इथे घरमालकीण रोज विचारतात, मिस्टर कधी येणार. मी सांगते, पुढच्या महिन्यात. तीन वर्षं तो पुढचा महिनाच चालू आहे. म्हणजे खोटं मीही बोलतेच. फक्त ते कुणी लिहून घेत नाही.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सगुणा


घोटावडे,
होळीनंतरचा तिसरा दिस

चि. सगुणास आशीर्वाद.

रागावू नको म्हणतीस. राग आलाय, पर तुजा न्हाई.

कोंडिबापासनं लपव म्हणून लिवलंस, पर तुजं पाकीट यायच्या आधीच तो माणला जाऊन भिवाजीला सांगून आला व्हता. पुतणीचा समेट झाला म्हणून गडी खूश. मला इचारलंबी न्हाई. होळीला भिवाजी आला. कुशाबाच्या ओसरीवर पाय पसरून बसला, म्हणाला, माज्या बायकोचं घर बघायला आलो. कौलं मोजली. पावतीची नक्कल करून घेतली. मग आमच्याकडं पुरणपोळी जेवला. मीच वाढली. काय करणार, माज्याच सहीनं आलेला पाव्हणा.

जाताना म्हणाला, आजे, सगुणाला सांगा, पगार माज्या हातात दे आन नांद. दुसरी हाय तितंच राहील म्हणे, तिचा काय त्रास न्हाई. मी त्याला दारापातुर पोचवायलाबी उठले न्हाई.

आता वकिलाला एवढं इचार, की मी कोर्टात येऊन खोटं बोलले म्हणून सांगितलं तर भागंल का. आडून आडून लिवू नको. व्हय का न्हाई, एवढंच.

काळजी करू नको असं म्हणत न्हाई. कर, पर जेवून कर.

गोजराबाई


सासवड,
२१ मार्च १९६०

ती. आजीस सा. नमस्कार, वि. वि.

वकील होय म्हणतात. पुढची तारीख अठरा एप्रिल. त्या दिवशी माझ्या वर्गाची वार्षिक परीक्षा आहे.

पण तू तिथे तसं सांगितलंस की साळूबाई विसार परत करणार आणि घर जाणार. काका तुला काय ऐकवतील ते वेगळंच. या वयात तुला पिंजऱ्यात उभं करायचं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून दावाच मागे घ्यावा असं मनात आहे. नावाची बायको राहीन आणि इथेच दिवस काढीन.

काल रविवार होता. दिवसभरात एकदाच बोलले, दूधवाल्याशी. त्यालाही नुसतं अर्धा शेर एवढंच म्हणायचं असतं.

तुला पटत नसेल तर लिही. नाहीतर या महिनाअखेर वकिलांना कळवते.

तुझीच,
सगुणा


घोटावडे,
अक्षयतृतीयेचा दुसरा दिस

चि. सगुणास आशीर्वाद.

दावा मागं घेतलास तर माजं तोंड बघू नको, आन परीक्षा सोडून येऊबी नको, हे मागंच कळवलं व्हतं. दोन्ही ऐकलंस ते बरं केलंस. आता झालेलं सांगते.

एस.टी.नं एकटी गेले. दिवसभर बाकावर बसून काढला. समोरच्या बाकावर भिवाजी, त्याच्या शेजारी माजा कोंडिबा. भाकरी बांधताना मी दोघांपुरती बांधली व्हती, मला वाटलं लेक माज्यासंगं जेवंल. निम्मी परत आणली.

भिवाजीच्या वकिलानं इचारलं, म्हातारे, तू खोटं बोलतीस का. म्हणलं, बोलते की. म्हैस विकताना, सोयरीक जमवताना आन घर घेताना. वर बसलेले साहेब हसले. मग वकील म्हणाला, आज खरं बोलतीस हे कशावरनं. म्हणलं, आज माजं नुकसान व्हणार हाय, त्यावरनं. तवा कोण हसलं न्हाई. सही माजी, समेट माज्या डोक्यातला, पोरीला ठाऊकबी नव्हता, असं सांगितलं. त्यांनी लिवून घेतलं. त्याच्याखालीबी सही केली.

दुसऱ्या दिवशी साळूबाईला मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडनं ऐकलं असतं तर तिनं तिखटमीठ लावून ऐकलं असतं. तिनं विसार माज्या पुढ्यात ठेवला. मी उचलला न्हाई. काल ती आपणहून आली. म्हणाली, त्या भिवाजीनं आमच्या ओसरीवर बसून मलाच पाणी मागितलं, जसा काय घरधनीच. त्यापरीस तुमची पोर परवडली. पर एकट्या बाईला द्यायचं न्हाई, म्हातारी सोबत राहणार असंल तर कागद करते, आन ह्या खेपेला खरं सांगा. मी म्हणलं, राहते. तोंडातनं निघून गेलं. पन्नास वर्सं ह्या घरात काढली, आन बाहेर पडायला एक शब्द पुरला.

कोंडिबाला सांगितलं. तो दोर वळत व्हता. वळतच राहिला.

परीक्षेचे पेपर तपासून झाले की ये आन कागद तुज्या हातानं कर. तुज्या नावाम्होरं काय घालायचं ते लिवणाऱ्याला तूच सांग. मी बाजूला गप बसंन.

येताना फणी आण, माजी मोडली. आठवण हाय तशी असू दे.

गोजराबाई


घोटावडे, सगुणाचं घर,
मिरगाचा आठवा दिस

चि. कोंडिबास आईचे आशीर्वाद.

साठ पावलांवर दार असून टपालानं पत्र का, म्हणशील. तर दीड महिना मी बोलते आन तू बैलाकडं बघतोस, म्हणून.

सगुणाला फारकत मिळाली. घराचा कागद तिच्या नावानं झाला, तिच्या बापाचं नाव लावून. तुज्या भावाचं नाव हाय ते, पुसून टाकायची चीज न्हवं. बदली मातर झाली न्हाई. दिवाळीनंतर बघू म्हणाले. एकटी बाई नको म्हणून साळूबाईनं मला हितं बसवलं, आन आता हितं एकटी बाईच राहते.

सुखात हाय असं लिवणार न्हाई. मागं खोट्यावर सही केली ती कोर्टापातुर गेली. सांजचं तुज्या घरातली भांडी ऐकू येतात. भाकरीचा तवा आपटला की सुनेचं आन तुजं वाजलंय हे हितं कळतं. तुजा खोकलाबी ऐकू येतो. अडुळसा घे, तंबाखूनं जायचा न्हाई तो. मी भाकरी अजून सवयीनं चार जास्ती थापते आन दुसऱ्या दिवशी शिळी खाते.

कोर्टात तू त्याच्या शेजारी बसलास. राग न्हाई असं न्हाई. पर तूबी तुज्या पोरींपायीच बसलास, एवढं मला कळतं.

एकच इचारायचंय. माजं वय तुला ठाऊक हाय. मी मेले तर मला कुठल्या दारातनं उचलायची, तुज्या का ह्या? हितनं उचलली तर तू खांदा द्यायला येणार का न्हाई? रडायला सांगत न्हाई, सोय इचारते. सगुणाला सासवडहून पोचायला दिस लागंल, आन त्या दिवशी मला सांगता यायचं न्हाई.

माया असली तर असू दे, नसली तर तसं लिव.

तुजी आई,
गोजराबाई

उत्तर तू द्यायचं. सुनेचा निरोप नको, पोरींच्या हाती कालवण पाठवून गप बसू नको. चवथीपातुर शिकलायस, तेवढं बास हाय. तूच लिव.