उरल्याचं मैदान, भिलाईचं गवत

९ फेब्रु., रवि.
टप्पा घेऊन छातीवर येणार म्हणून मी गोलमध्ये उभाच राहिलो. चेंडू उसळलाच नाही. घसरत पायाखालून आत.

आमच्या उरला गावचं मैदान म्हणजे सिमेंटसारखी टणक माती. चेंडू वाटेल तसा उडतो. आम्हाला सवय, बाहेरच्यांना नाही. भिलाईची टीम आमच्याहून सरस. सेमीफायनलला तेवढाच आधार. आणि आमचा कॅप्टन नाना सकाळी टँकर बोलावून अख्ख्या मैदानावर पाणी मारतो!

“काहून मारलं?”
“पाहुणे येऊन राहिले ना बे. त्यांले धूळ चारू का?”

तरी शेवटी नानानेच डोक्याने मारला. १-१. अख्खा पारा, सगळी वस्ती नाचली. गळा बसलाय. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे. जिंकेल तो फायनलला. आम्ही आजवर गेलेलो नाही.

१२ फेब्रु., बुध.
गवताची सवय हवी. तेलीबांध्याच्या बागेत प्रॅक्टिस. चौकीदार धावत आला. “ये घास देखने के लिए है, भैया.” नाना: “देख ही तो रहे हैं. थोड़ा पास से.” हाकललं.

सुनंदा जेवताना: “टीमच त्यांची चांगली हाय. मैदानाले काय दोष देता?” नवऱ्याला धीर देण्याची रीत! खरं आहे पण. तरी रविवार कधी येतो असं झालंय.

१६ फेब्रु., रवि.
भिलाई. बूट काढून चालावं असं गवत. त्यांची माणसं तिन्ही बाजूंनी, ढोल. आमची दोन ट्रक भरून, सुनंदा टपावर. पहिला अर्धा तास चेंडू आम्हाला दिसलाच नाही. काय खेळतात! एक बोटांनी अडवला, एक तोंडाने. ओठ फुटला. कळलंही नाही.

मग ट्रककडून, “नाना, मार ना बे!” मारला. १-०! शेवटी त्यांनी फेडला. पुन्हा बरोबरी.

उजेड गेला. पंच म्हणाले, पेनल्टी उद्या सकाळी, इथेच. आम्ही त्यांच्या क्लबात मुक्कामाला. आमची माणसं परत ट्रकमध्ये, सकाळची कारखान्याची शिफ्ट. सुनंदा वरून, “आता तुमच्यासाठी कोण वरडन?” त्यांचा ढोलवाला हसला, “हम तो आएँगे, दीदी.”

हात अजून गरम आहेत. फायनल. एवढ्या जवळ.

१७ फेब्रु., सोम.
सकाळी मैदानावर दोन्ही टीम, पंच आणि माळी. त्यांचीही माणसं शिफ्टला गेली. ढोल नाही. टॉस झाला. पहिली किक त्यांची. हातमोजे घालतो.