कान माझे शाबूत आहेत

३ मार्च

मी बहिरी नाही!

खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या – तुमच्याकडे गाणी फार मोठ्यानं लागतात. लेकानं काय सांगावं? "आईला हल्ली कमी ऐकू येतं." सूनबाईसमोर, परक्या बाईसमोर! आवाज वाढवतो हाच. म्हणे माझ्यासाठी. मी एवढंच म्हणत होते की शब्द कळत नाहीत, आवाज फाटतोय. झाले मी बहिरी.

४ मार्च

जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस रडलाय की झोपेतून उठलाय ते ओळखायची. आता दवाखान्यात सकाळचे फोन घेते. लेक म्हणतो ते सोड. "एखादं औषध चुकीचं ऐकशील, कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

म्हणजे गोष्ट गाण्यांवर थांबत नाही तर. खुर्चीवरून उठवायला निघालाय मला.

सोडणार नाही.

६ मार्च

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय म्हणे. मला न विचारता. घेऊ दे. मी जाणार नाही.

आज गाण्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला – तव्यासारखा तापलेला! गाण्यात मोठा आवाज आला की गप्प होतो, निवला की परत सुरू. लेकाला विचारलं, माझे कान असे तापून बंद पडतात का रे? तो हसून म्हणाला, "आई, नाचता येईना अंगण वाकडं."

बरं.

८ मार्च

घरात कुणी नव्हतं. स्पीकर भिंतीपासून ओढून फिरवले, मागची धूळ पुसली. खाली छापलेलं – चार ओहम. अ‍ॅम्प्लिफायर पालथा करून चष्म्यातून बघितलं – आठ ओहमच्या खाली लावू नये!

अ‍ॅम्प्लिफायर लेकाचा, लग्नाआधीचा. स्पीकर सूनबाईच्या भावाचे, त्यानं घर बदललं तेव्हा इकडे आले. आणले, जोडले, वाजले. मागे काय लिहिलंय ते वाचतो कोण?

११ मार्च

दुकानात गेले. दुकानदारानं आधी विचारलं, सोबत कुणी नाही का. मग एक छोटा डबा पुढे केला. "मावशी, हा घ्या, फोनवरून वाजतो, कटकट नाही." मी म्हटलं, मला कटकटच हवीय. चार ओहमचं सांगा.

मग मात्र नीट बोलला. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. आकडा निम्मा, तर ओढ दुप्पट. आमचा अ‍ॅम्प्लिफायर तेवढं पुरवू शकत नाही. आवाज वाढवला की धाप लागते, गाणं फाटतं. नुसते मोठे वॉट बघून भागत नाही, म्हणाला. चार ओहमवर न दमणारा हवा.

एक जुना होता त्याच्याकडे, धोंड्यासारखा जड. मागचं छापलेलं स्वतः वाचलं, मगच घेतला. रिक्षात मांडीवर धरून आणला. मांडी अजून दुखतेय. दुखू दे!

१४ मार्च

आज सूनबाईला सुट्टी. दोघींनी मिळून जोडलं – लाल तार लालला, काळी काळ्याला. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, खुर्चीकडे जरा वळवले. आवाजाचं बटण जेमतेम फिरवलं.

ओळ उचलायच्या आधी गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वास ऐकू आला. खरंच! इतकी वर्षं ते गाणं ऐकतेय, श्वास आजच ऐकला.

भांडी घासायला गेलेली सूनबाई भिजल्या हातांनी येऊन तशीच बसली. "आई, प्रत्येक शब्द कळतोय हो." मग जरा वेळानं, खाली मान घालून – "आम्ही उगाच तुम्हाला..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. तिचा काय दोष?

अंगण वाकडंच होतं! डॉक्टरांची वेळ फोन करून रद्द केली. लेकाची आज रात्रपाळी. उद्या येऊ दे कारखान्यातून. समोर बसवून ऐकवते. कबूल केल्याशिवाय उठू देणार नाही.

१५ मार्च

आला. खुर्चीत टेकला. नव्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसला.

"एकटीनं जाऊन आणलास? कमाल आहे तुझी. मग लाव की एखादं गाणं."

गाणं चालूच होतं, तो आल्यापासून.

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी बटण बंद केलं. त्याच्या अगदी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "तू म्हणतोस ते खरं असेल रे. कान दाखवून घेते. पण एकटी जाणार नाही – तू चल."