आतल्या खोलीतला जनरेटर

२ एप्रिल २००४
आज रुजू झाले. आष्टीपासून जीपने आत येताना रस्ताभर टँकर आणि त्यामागे धावणाऱ्या घागरी, बाकी सगळं करपलेलं. तरी मन प्रसन्न आहे. बँकेतून निवृत्त होऊन नातवंडांची दुपटी वाळत घालण्यापेक्षा महिला खवा संस्थेची व्यवस्थापक होणं केव्हाही बरं. इमारत पक्की आहे. पुढे माझी खोली, मागे आतली खोली. तिथे दोन डीप फ्रीजर, आणि बाया खव्याच्या पिशव्या भरतात त्याही तिथेच. अध्यक्ष वत्सलाबाई सही करतात. बोलतात त्यांचे यजमान सुंदरराव. हार त्यांनीच घातला, भाषण त्यांनीच केलं आणि पेढेही बहुतेक त्यांनीच खाल्ले.

५ एप्रिल
दुपारची वीज जवळजवळ नाहीच. लग्नसराईत भाव चढेपर्यंत खवा टिकवायचा आहे. शेतात काडी नाही. यंदा या बायांच्या घरात येणार तो पैसा एवढाच. म्हणून जनरेटर घ्यायचा ठरला. सभेत सुंदररावांनी डिझेलवरचा मोठा, ट्रॉलीवर बसवलेला सुचवला. म्हणे, "मॅडम, भाईर मोकळ्यात ऱ्हाऊ द्या, लई तापतं ते." यंत्राविषयी ही माया कुठून आली, ते पिशव्या भरणाऱ्या चंद्रभागाबाईंनी पदराआडून सांगितलं. संस्थेच्या खुर्च्या सुंदररावांच्या पुतण्याच्या लग्नाला गेल्या त्या गेल्याच. ताडपत्री त्यांच्या कडब्यावर आहे. मोठी कढई परत आली, पण भोक पडून. इथे संस्थेची वस्तू म्हणजे पुढाऱ्याच्या घरची वस्तू, आणि याची कुणाला लाजही नाही. ट्रॉली म्हणजे थेट त्यांच्या बोअरकडे जाणारी वाट! मी नकार दिला.

८ एप्रिल
आष्टीत जाऊन जनरेटर घेतला. पेट्रोलवर सुरू होतो, रॉकेलवर चालतो. दोन फ्रीजर आरामात ओढतो. दुकानदार बाहेर शेड घाला, धुराला लांब पाइप घ्या म्हणून मागे लागला. एक गिऱ्हाईक सापडलं की दहा वस्तू गळ्यात मारायच्या, ही जात मला चांगली ठाऊक आहे. त्याला गप्प केलं. यंत्र आतल्या खोलीत जमिनीला बोल्ट मारून बसवून घेतलं. खिडकी विटांनी बुजवली, झरोक्यात पोती कोंबली. धूळ नको, आवाज नको आणि चोरही नको. किल्ली माझ्या कमरेला. सुंदरराव बघून गेले. त्यांचं तोंड आंबलेल्या खव्यासारखं झालं होतं.

१२ एप्रिल
बायांची नाटकं सुरू. चंद्रभागाबाईंना आतल्या खोलीत ओकारी झाली. सत्यभामाचं डोकं उठतं. अंगणात जाऊन बसली की तासाभरात ठणठणीत! कामचुकारपणाचं याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं? त्यांच्या मते खोलीत काहीतरी आहे आणि ते छातीवर बसतं. आज यंत्रावरून भाकरी उतरवून टाकायला निघाल्या. ती भाकरी मी कुत्र्याला घातली. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "हसा बाई, हसा. तुमच्या छातीवर बसल तवा कळल."

१५ एप्रिल
माझंही डोकं धरलं आहे. चष्म्याचा नंबर वाढला असावा. पाल भिंतीवरून पडली ती हललीच नाही. बाया आता येत नाहीत. फक्त केशरबाई येते. म्हातारी आहे, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. भुतापेक्षा भुकेला जास्त भिते. सगळ्यांत शहाणी तीच. उद्यापासून तिच्याबरोबर मी स्वतः पिशव्या भरणार. बघू दे या भित्र्यांना.

१७ एप्रिल
दुपारी फ्रीजरमागे कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. पोतं होतं. पुन्हा बघितलं तर पोत्याने मान वळवली. कुणीतरी मला माहेरच्या नावाने हाक मारली — दोनदा. केशरबाईला तिची मेलेली सासू दिसते. म्हणाली, "बाई, ती काई करत न्हाई. नुसती बगत ऱ्हाती." मी हसले. हसू थांबेना.
अडाण्यांच्या संगतीचा परिणाम. दुसरं काही नाही.

१८ एप्रिल
सुंदररावांचा निरोप. उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो, बोल्ट काढून जनरेटर नेतो, पुढाऱ्यांची सभा आहे. नेऊन तर दाखव. आतून कडी लावून बसणार. अक्षर वाकडं येतं आहे — रागाने.

१९ एप्रिल, दुपार
वही घेऊन आतच बसले आहे. यंत्र चालू. कडी लावली.
केशरबाई फ्रीजरला टेकून झोपली. गाल लाल — नवरीसारखे. हलवलं. उठत नाही.
कोपऱ्यात ती आली आहे. पदर डोक्यावर. बघते नुसती.
नाही. पोतं आहे. पोतं.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार लावलं की माणसं अशीच — लालबुंद — अशीच निजतात —
भूत नाही. धूर. झरोका मीच बुजवला. बाया बाहेर गेल्या की बऱ्या होत होत्या — मी त्यांना —
उठले. पाय नाहीत. पडले. यंत्राचं बटण तिकडे. कडी वर. लिहिता येतं, हात तेवढा —
केशरबाईला आधी न्या. कुणीही वाचलं तर — तिला आधी —

ट्रॅक्टर. तो आला. दार ठोकतो आहे. ओरडते पण माझा आवाज यंत्राखालीच जातो.
बाहेरून ओरडतो, "द्यायचं न्हाई तर न्हाई म्हना की बाई! दार कावून लावता? आमी काय दरोडेखोर हाय?"
पेला फेकला. दारापर्यंत गेला नाही.
हसतो आहे कुणाशी तरी. म्हातारी लई हट्टी, म्हणे. दुसरीकडून आणू, म्हणे.
मूर्खा, फोड दार. चोर ना तू — चोरासारखा फोड — घेऊन जा यंत्र — दिलं — दि
ट्रॅक्टर सुरू केला. जातो आहे
सुंदरराव जाऊ न