आकडे चुकलेत

३ मार्च

खाड्, खाड्, खाड्! पहाटेच्या झोपेत पुन्हा तोच आवाज. नाटकगृहातल्या लाकडी खुर्च्यांचा. माणूस उठला की बसायची फळी मागे आपटायची. पडद्यामागे बाईच्या वेषात उभा राहून मी कान लावायचो. लोक टाळ्या वाजवायला उठलेत की घरी जायला, ते त्या आवाजावरून कधीच कळायचं नाही. माझे शिंपी, मास्तर, पाठीमागून म्हणायचे, "बाई, श्वास सोडा. उठलेत म्हणजे इतका वेळ बसले तरी होते."

जाग आली. घरात कसलाच आवाज नाही. लिफ्टही मुकी. एकट्या म्हाताऱ्याच्या घरात लिफ्ट — कुणाची हौस? माझीच.

४ मार्च

पुतण्या येऊन गेला. आमची पावडर एक मोठी कंपनी विकत घेते आहे. नाव, कारखाना, डबीवरचा माझा चेहरा, सगळं. पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता सह्या. त्याआधी माझा फोटो काढायचा, स्त्रीवेषात. "काका, तुम्ही नुसतं उभं राहायचंय, बाकी आम्ही बघतो."

उभं राहणं नुसतं नसतं, हे याला कोण सांगणार?

६ मार्च

आज नदीची कविता आठवत बसलो. शाळेत गुरुजी आम्हांला डोंगराचा आणि नदीचा संवाद म्हणायला लावायचे. वर्गात मुली नव्हत्या. नदी कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पहिल्या ओळीला वर्ग खो खो हसला. दुसऱ्या ओळीला निम्मा हसला. चौथ्या ओळीला कुणीच नाही.

त्या शांततेवर मी चाळीस वर्षं काढली. गावोगाव खेळ केले. भिंतींवर माझी चित्रं लागली. मग डबीवर चेहरा छापला आणि पावडर काढली, तर खेळापेक्षा डबीच जास्त गाजली. कारखान्याच्या पत्त्यावर मला मागण्या यायच्या! एका विधुरानं तर पत्रात आपल्या म्हशीसुद्धा मोजून लिहिल्या होत्या. पुढे केसांच्या टोपांचं दुकान काढलं, ते चाललं. हॉटेल काढलं, ते बुडालं. बुडूनही उरलं इतकं होतं.

हे सगळं सांगायला समोर कुणी नाही, म्हणून तर ही वही.

७ मार्च

जेवणाच्या टेबलाला बारा खुर्च्या. आज दुसऱ्या खुर्चीवर बसून पाहिलं. भाजी तशीच लागली.

९ मार्च

फोटोसाठी कपडे हवेत म्हणून पेटी उघडली. तळाशी मोरपंखी झगा. कधीच न घातलेला. त्यावर मास्तरांची चिठ्ठी.

बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत पेटीशेजारीच.

मास्तर म्हणजे सत्तावीस वर्षांचा सोबती. माझा प्रत्येक झगा त्यांच्या हातचा. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत बत्तीस हुक. ते हुक म्हणत नसत. आकडे म्हणायचे. आकडा ज्यात अडकतो तो दोऱ्याचा फास म्हणजे 'घर'. आकडे मास्तर लावायचे, घरं त्यांची बायको घरी बसून विणायची. ती मला सवत म्हणायची. तोंडावर! खेळाच्या दिवशी निरोप यायचा — "सवतीची पाठ झाकून झाली असेल तर जेवायला घरी या." सगळे हसायचे. ती हसल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.

पावडरीत मास्तरांची भागीदारी होती. पहिली पावडर त्यांच्याच घरात चाळली होती. एकतीस वर्षांपूर्वी मी निरोपाचा खेळ लावला. सोमवारी हा झगा आला. मंगळवारी सकाळी ही चिठ्ठी आली —

"आकडे चुकलेत. तुम्ही स्वतः या. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका."

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ कारखान्याचा वर्षाचा हिशेब लावत होता. मी चिठ्ठी वाचली आणि पेटलो. माझ्या भावावर संशय? सत्तावीस वर्षांनंतर? मास्तरांचा वाटा माणसाच्या हाती पाठवून दिला, यापुढे काम नाही असं कळवलं. झगा पेटीत टाकला, खेळ जुन्याच झग्यात केला. मास्तर दोनदा फाटकापर्यंत आले. मी घरात असताना पहारेकऱ्याला 'साहेब नाहीत' म्हणायला लावलं.

कारखाना काढल्यावर मला आकडे एकाच प्रकारचे दिसायला लागले होते. आज पेटीत ते दुसरे दिसले.

पण खात्री? ती कशी करणार?

१० मार्च

खात्री झाली.

आमची एक पद्धत होती. नदीच्या कवितेचे बत्तीस शब्द. मास्तर खालून वर एकेक आकडा लावत आणि मी दर आकड्याला एकेक शब्द म्हणे. मानेजवळचा आकडा लागला की 'सागर'. तिथे कविता संपायची आणि मी बाई व्हायचो. शब्द उरला तर समजायचं की मध्ये कुठे आकडा सुटलाय.

आज झगा पलंगावर पालथा पसरला. डोळे मिटले. बोटांनी चाचपत खालून वर लावत गेलो. शब्द म्हणत गेलो. मानेपाशी पोहोचलो आणि तोंडात 'सागर' तसाच राहिला.

चष्मा लावून पाहिलं. खालून तिसरा. आकडा आहे, समोर घर नाही.

मास्तर झग्याबद्दलच लिहीत होते हो! फक्त झग्याबद्दल.

११ मार्च

पत्र लिहिलं. पाच कागद फाडले. शेवटी एवढंच ठेवलं — "आकडे म्हणजे कुठले, ते मला एकतीस वर्षांनी कळलं. मी चुकलो. शक्य असेल तर या. झगा तसाच आहे."

ड्रायव्हरला जुन्या पत्त्यावर पाठवलं. घर बंद. ती मंडळी कधीच दुसरीकडे राहायला गेली, कुठे ते कुणाला नीट माहीत नाही. समोरचा चांभार म्हणाला, त्यांच्याकडचं कुणी ना कुणी अधूनमधून चप्पल शिवायला येतं, ठेवा पत्र. ड्रायव्हर ठेवून आला.

चप्पल तुटायची वाट पाहायची म्हणजे झालं.

१३ मार्च

दुपारभर खिडकीत. पाववाला, टपालवाला. आणि चुकून आमच्या फाटकात शिरलेलं एक कुत्रं. त्याला पाणी दिलं तर पिऊन निघून गेलं.

१४ मार्च

पुतण्या म्हणाला, "काका, एका हुकासाठी एवढं काय? कोपऱ्यावरचा शिंपी पाच मिनिटांत लावून देईल."

मी म्हणालो, "नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाही."

"मग जरा वळलात की फोटोत कंबर उघडी दिसेल."

"दिसू दे."

म्हातारा फोटोच्या आधीच भूमिकेत शिरलाय, असं काहीतरी फोनवर कुणाला सांगत तो जिना उतरला. पोरगा वाईट नाही. त्याला वाटतं मला फक्त माझं रूप आठवतं.

त्याला हे कसं सांगू, की रूप आरशात नव्हतंच? पाठीमागे उभा राहून कुणीतरी मन लावून एकेक आकडा लावतंय, त्यात होतं. मास्तरांना तोडल्यावर मी घरं बांधली, दुकानं बांधली. पाठीमागे मात्र कुणी उभं राहिलं नाही. माझ्याच कर्मानं.

उद्या उघड्या कमरेनं उभा राहीन. लोकांना का ते कळणार नाही. मास्तरांना कळलं असतं.

१५ मार्च

दहाला झगा घातला. इतका वाळलोय की एकतीस आकडे लावलेल्या झग्यात डोक्यावरून शिरलो. ओठ रंगवले. ओठांची रेघ अजून सरळ येते.

साडेदहाला घंटा वाजली. फोटोवाला लवकर आला असेल म्हणून तसाच गेलो, दार उघडलं.

दारात म्हातारी. पांढरं डोकं, हातात कापडी पिशवी, पायांत नव्यानं शिवलेल्या चपला. मास्तरांची बायको. माझं पत्र तिच्या मुठीत होतं. मी तिच्या मागे फाटकाकडे पाहिलं.

"ते नाहीत आता," ती म्हणाली. "गेल्या थंडीत गेले."

मी चौकट धरून उभा. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, ओठांपाशी जरा थांबली.

"खालून तिसरं घर मीच विणलं नव्हतं. मुद्दाम. शेवटच्या खेळाला सवतीची पाठ उघडी पडावी, एवढंच मनात होतं. झगा तुमच्याकडे गेला आणि रात्री मला राहवेना. त्यांना सांगून टाकलं. तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी लिहिली. माझी खोडी दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून तुम्हांला एकट्याला बोलावलं. तुम्ही रागावलात, पण त्यांनी माझं नाव शेवटपर्यंत कुणाकडे काढलं नाही."



तिनं पिशवीतून सुई काढली. मोरपंखी दोरा आधीच ओवलेला होता.

"वळा," ती म्हणाली. "आणि ती तुमची कविता म्हणा. किती शब्द ते मला माहीत आहे."