गोळी बदलली, मी नाही

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (वाकायला मनाई आहे, म्हणून कागदावरच.) तुझे गुडघे कसे आहेत? बरे असतील तर कळव, नसतील तरी कळव. पण औषधांची नावं लिहू नकोस. औषध म्हटलं की माझं टाळकं सटकतं.

भिंतीवरचं घड्याळ उतरवताना दुकानातल्या स्टुलावरून पडलो, हे तुला माहीत आहेच. (चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, पडलो एकदाच, पण घरात असं सांगतात, जणू रोज सकाळी पडायचो.) डोक्यात रक्त साकळलं, म्हणून फिट येऊ नये यासाठी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तिने फिट आली नाही, पण हिरड्या सुजल्या, सारखं रक्त तपासायचं, आणि हात असा थरथरायचा की चिमट्यातला स्क्रू थेट गिऱ्हाइकाच्या चहात. मग नवी गोळी दिली. हात पुन्हा पहिल्यासारखे! मात्र डॉक्टर बोलून गेले, "हिने काहींची चिडचिड वाढते." झालं! तुझ्या लाडक्या भावजयीच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे. दुरुस्त घड्याळ आठवडाभर टांगून ठेवायचं आणि पुढे जातं की मागे पडतं ते वहीत लिहायचं. बाईसाहेबांनी त्याच वहीत मला टांगलं! डावीकडे जुनी गोळी (मागचं सगळं आठवून आठवून!), उजवीकडे नवी. सोमवार, चार वेळा ओरडले. मंगळवार, गिऱ्हाइकाला गाढव म्हणाले. (गाढवच होता. घड्याळ बादलीत बुडवून आणलं आणि म्हणे आपोआप बंद पडलं.) ही वही दाखवून ती जुनी गोळी परत मागणार होती. म्हणजे मी गोड बोलत थरथरत बसायचं आणि दुकानाला कुलूप! वर कहर म्हणजे रोज दुकानात येऊन बसते, त्याच स्टुलावर. म्हणते, घरी करमत नाही. (इतकी वर्षं करमलं!) मान वर केली की तिची नजर माझ्या हातांवर. नुसता संताप होतो.

आज डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली. म्हणाले, फिट रोखायला दोन्ही गोळ्या सारख्याच, फरक असतो तो त्रासाचा. पण इथे ओरडण्याचे आकडेही दोन्हीकडे सारखेच आहेत. मग हिला विचारलं, हे आधीपासून असेच का? मी पडल्यापासून पहिल्यांदाच ही हसली, तीही डॉक्टरांसमोर. असो, नवी गोळी कायम झाली.

तुझा अजिबात न चिडलेला
धाकटा भाऊ

ता. क. तिला फोन करून सांग, दुकानात येऊन बसू नकोस म्हणावं. तुझं ऐकते.

ता. क. दुसरा. नको, फोन करू नकोस. फिट आली तर ती आल्याचं माझं मला कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भीती वाटते गं ताई. ते स्टूल लाकडी आहे आणि दुपारपर्यंत तिची कंबर धरते. तुझ्या खुर्चीवरची ती जाड उशी पाठवून दे, तुझ्याच नावाने. मी मागितली हे सांगू नकोस, नाहीतर वहीत लिहील.